कोणता अँटिव्हायरस घेऊ?

'नवा कॉम्प्युटर घेतलाय, अँटिव्हायरस कोणता टाकू?' उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांत हा प्रश्न गेली पंचवीस वर्षं विचारला जातोय. उत्तरातली नावं तेवढी बदलत गेली. कधी नॉर्टन, कधी मॅकॅफी, मग क्विक हील, एव्हीजी, अव्हास्ट, कॅस्परस्काय, नेट प्रोटेक्टर. हा सगळा काळ एकत्र पाहिला की एक गोष्ट पक्की वाटते. आपल्याकडचे कॉम्प्युटर बसले, त्यात कोणत्या कंपनीचा बॉक्स घेतला याचा वाटा फार थोडा होता. बहुतेक वेळा अपडेट बंद असायचं. आणि ते बंद असण्याची कारणं आपल्या खिशाशी, फोनच्या बिलाशी आणि विजेशी जोडलेली होती.

सुरुवात असेंबल्ड कॉम्प्युटरपासून करायला हवी, कारण ब्रँडेड मशीन त्या काळी आमच्या पट्ट्यात फार थोड्यांच्या घरी होतं. उल्हासनगरच्या दुकानात किंवा थेट लॅमिंग्टन रोडला जाऊन मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क अशी यादी करून घ्यायची. काचेचा अवजड मॉनिटर मालडब्यातून कर्जत लोकलने घरी आणायचा. 2001 साली एमकेसीएलने एमएस-सीआयटी सुरू केलं, सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागू लागलं आणि मुलांच्या अभ्यासासाठी म्हणून घरात कॉम्प्युटर येण्याचा वेग वाढला. बदलापूरही तेव्हाच वाढत होतं. 2001 च्या जनगणनेत लाखाच्या आत असलेली कुळगाव-बदलापूरची वस्ती 2011 ला पावणेदोन लाखांच्या घरात गेली. नवा फ्लॅट, त्याचा हप्ता, आणि हॉलच्या कोपऱ्यात सरकत्या की-बोर्डचं कॉम्प्युटर टेबल, हे चित्र घरोघरी होतं.

असेंबलर विंडोज टाकून द्यायचा आणि ती बहुधा विकत घेतलेली नसायची. खऱ्या विंडोजची किंमत यादीत धरली तर मशीन काही हजारांनी महाग व्हायचं, आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जायचं. मी यात कोणाला दोष देत नाही. हप्त्यावर मशीन घेणाऱ्या माणसाला डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूचे पैसे जड वाटणारच. पण पुढच्या दहा वर्षांतल्या बऱ्याच दुखण्यांचं मूळ असेंबलरच्या त्या विंडोजच्या सीडीत होतं, हेही खरं.

व्हायरस किती नुकसान करू शकतो हे 26 एप्रिल 1999 ला कळलं. सीआयएच, म्हणजेच चेर्नोबिल, त्या दिवशी जागा झाला. तैवानमधल्या एका विद्यार्थ्याने लिहिलेला हा व्हायरस हार्ड डिस्कची सुरुवात पुसायचाच, शिवाय काही मदरबोर्डांवरच्या बायोस चिपमधला मजकूरही बिघडवायचा. बटण दाबलं तरी पडद्यावर काही उमटायचं नाही. विंडोज पुन्हा टाकून भागत नसे, चिपच बदलावी किंवा पुन्हा लिहून घ्यावी लागे. दक्षिण कोरिया, तुर्कस्तान यांच्याबरोबर भारतातही त्याने मोठं नुकसान केलं. तोवर 'व्हायरस म्हणजे फ्लॉपीतून येणारी गंमत' असं मानणारे दुकानदारही त्यानंतर अँटिव्हायरसची विचारणा आधी करू लागले.

आणि तिथे क्विक हील भेटलं. ही गोष्ट मराठी वाचकाने आवर्जून आठवावी अशी आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले, पुढे स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं. दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडू लागले, तेव्हा कॉम्प्युटर सायन्स शिकणारा धाकटा भाऊ संजय त्यांच्यावर उपाय लिहू लागला. 1995 च्या सुमाराला त्यातून डॉसवर चालणारं क्विक हील बाजारात आलं. 2007 साली कंपनीचं नाव क्विक हील टेक्नॉलॉजीज झालं आणि 2016 च्या फेब्रुवारीत ती शेअर बाजारात उतरली.

आमच्याकडे क्विक हील रुजलं त्याचं कारण मला त्याच्या जन्मातच दिसतं. ते दुरुस्तीच्या टेबलावर तयार झालं होतं आणि दुरुस्तीच्या टेबलावरूनच विकलं गेलं. परदेशी कंपनीचा बॉक्स मॉलमध्ये किंवा इंटरनेटवर मिळायचा. क्विक हीलचा बॉक्स कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याच्या काउंटरवर असायचा, आणि 'हे घे, पुण्याचं आहे, काही झालं तर फोनवर मराठीत बोलता येतं' असं तो सांगायचा. गिऱ्हाईक कंपनीवर नाही, त्या माणसावर विश्वास ठेवायचं. काही अडलं तर तो स्कूटर काढून घरी यायचा. घरगुती वापरासाठी एवढा भक्कम आधार परदेशी कंपनीच्या बॉक्ससोबत मिळत नव्हता.

पण अँटिव्हायरसचा जीव रोजच्या अपडेटमध्ये असतो, आणि अपडेटला इंटरनेट लागतं. ठाणं आणि नवी मुंबई एमटीएनएलकडे, आपण मात्र कल्याणच्या 0251 मध्ये बीएसएनएलकडे. डायल-अपच्या काळात अपडेट उतरवायचं म्हणजे फोन अडवून ठेवायचा आणि मिनिटागणिक बिल वाढवायचं. म्हणून अनेक जण 'डिजिट' किंवा 'चिप' मासिकाच्या सीडीवर येणाऱ्या अपडेटवर भागवत. मासिक हातात येईपर्यंत ते अपडेट शिळं झालेलं असे. 2005 च्या जानेवारीत बीएसएनएलने डेटावन ब्रॉडबँड आणलं. अडीचशे रुपयांच्या योजनेत महिन्याला 400 एमबी मिळायचे. अँटिव्हायरसची अपडेट, विंडोजची अपडेट, त्यात मुलांनी एखादं गाणं उतरवलं की महिना संपायच्या आत मर्यादा ओलांडलेली असायची, आणि पुढच्या प्रत्येक एमबीला वेगळे पैसे. मग घरातला जाणता मुलगा सेटिंगमध्ये जाऊन ऑटोमॅटिक अपडेट बंद करून टाकायचा, आणि त्या महिन्याचं बिल आटोक्यात आलं म्हणून त्याचं कौतुकही व्हायचं. पाचशेच्या योजनेत रात्री 2 ते सकाळी 8 मोफत होतं. ज्यांना ती परवडली त्यांचे कॉम्प्युटर रात्रभर चालू राहायचे, पण तो वेळ अपडेटपेक्षा सिनेमांसाठीच जास्त वापरला गेला. त्याच वर्षांत भारनियमनही होतं. पूर्ण स्कॅन अर्ध्यावर यायचा आणि लाइट जायची. घरचा छोटा यूपीएस मशीन नीट बंद करण्यापुरताच पुरायचा.

विंडोजच्या अपडेटची गाठ तर त्याहून घट्ट होती. मायक्रोसॉफ्टने कॉपी अस्सल आहे का हे तपासायला सुरुवात केली. नसेल तर पडद्याच्या कोपऱ्यात 'ही प्रत अस्सल नाही' अशी चांदणीची खूण, आणि 2008 पासून काळा वॉलपेपर. हे टाळायचं तर विंडोज अपडेटच बंद ठेवा, असा सल्ला दुकानादुकानांत मिळायचा. 23 ऑक्टोबर 2008 ला मायक्रोसॉफ्टने एका गंभीर भोकाची दुरुस्ती तातडीने सोडली. नोव्हेंबरात त्याच भोकातून कॉनफिकर नावाचा वर्म जगभर पसरला. ज्यांनी दुरुस्ती टाकली होती त्यांच्याकडे तो त्या वाटेने शिरला नाही. आमच्याकडे काळा वॉलपेपर टाळणाऱ्यांनी ती दुरुस्ती पाहिलीच नव्हती. मग सातशे रुपयांचा अँटिव्हायरस घेतला तरी हे भोक उघडंच राहायचं, कारण ते विंडोजचं होतं. या एका प्रसंगावरून मला संपूर्ण दशक समजतं.

कॉनफिकर पेन ड्राइव्हवरूनही पसरायचा, आणि पेन ड्राइव्हचा काळ आमच्या गावांनी फार जवळून पाहिला. स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात बायोडेटा, प्रोजेक्ट, सातबाऱ्याची प्रत छापायला माणसांची रांग. सगळ्यांचे पेन ड्राइव्ह एकामागोमाग एकाच पोर्टमध्ये. घरी येऊन ड्राइव्ह उघडावा तर फोल्डर गायब आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट. फोल्डरच्या चिन्हाखाली डाव्या कोपऱ्यात तो छोटा बाण असायचा, तो पाहून ओळखायचं. सवयीने डबल क्लिक केलं की काम झालं, व्हायरस घरच्या मशीनवर. फाइली पुसलेल्या नसायच्या, फक्त लपवलेल्या असायच्या. कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडून 'अॅट्रिब' ही कमांड, पुढे लपवलेपणा, सिस्टिम आणि रीड-ओन्ली हे तिन्ही गुणधर्म वजा करून दिली, की काही क्षणांत फोल्डर फिकट न राहता पुन्हा पिवळेधमक दिसायचे. दहावीच्या मुलीचा वर्षभराचा प्रोजेक्ट असा परत दिसू लागल्यावर तिच्या आईच्या चेहऱ्यावर जे दिसायचं, त्यासाठी ती कमांड पाठ करणं सार्थकी लागायचं. 2011 च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने एक्सपी आणि व्हिस्टावर पेन ड्राइव्ह आपोआप चालू होण्याची सोय बंद करणारं अपडेट सगळीकडे पाठवलं. पुन्हा तेच, अपडेट चालू असलेल्यांना ते मिळालं.

सुरक्षेचा विचार आम्ही फक्त व्हायरसपुरता करत होतो, हे 26 जुलै 2005 ने दाखवलं होतं. त्या दिवशीच्या पुरात उल्हास आणि वालधुनी या नद्या घरात शिरल्या तेव्हा तळमजल्यावरचे सीपीयू टेबलाखाली जमिनीवर ठेवलेले होते. 2019 आणि 2021 लाही बदलापुरात पाणी आलं. लग्नाचे, बारशाचे फोटो एकाच हार्ड डिस्कवर, दुसरी प्रत कुठेच नाही. दुसरी प्रत ठेवा हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो, अँटिव्हायरसच्या आधी सांगतो.

पुढचा मोठा बदल बॉक्सच्या दुकानात नाही, विंडोजच्या आत झाला. 2009 साली मायक्रोसॉफ्टने सिक्युरिटी इसेन्शियल्स मोफत दिलं आणि 2012 च्या विंडोज 8 पासून डिफेंडर पूर्ण अँटिव्हायरस म्हणून आतच आला. सुरुवातीला चाचण्यांत तो मागे असायचा. गेल्या काही वर्षांत जर्मनीच्या एव्ही-टेस्टच्या चाचण्यांत त्याने वारंवार पूर्ण गुण मिळवले आहेत. दरम्यान असेंबल्ड मशीनची जागा लॅपटॉपने घेतली होती, आणि त्याच्यासोबत विंडोज अस्सल येऊ लागली. आमच्या पट्ट्याच्या सुरक्षेत सगळ्यात मोठी भर यानेच घातली, असं माझं ठाम मत आहे. 2016 मध्ये जिओ आलं, एमबी मोजणं थांबलं, आणि अपडेट बंद करण्याचं दुसरं कारणही गेलं.

12 मे 2017 ला फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय आला तेव्हा फरक दिसला. दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती. विंडोज 10 वर अपडेट चालू असलेल्या घरांना काही झालं नाही. पण बाकीच्यांसाठी तो धोका खरा होता. जूनच्या शेवटी नॉटपेट्या नावाच्या मालवेअरने उरणजवळच्या जेएनपीटीत मर्स्कच्या टर्मिनलचं काम ठप्प केलं, आणि कंटेनरचा धंदा करणाऱ्या आपल्याच भागातल्या लोकांना त्याची झळ लागली.

मोफत मिळणाऱ्या परदेशी अँटिव्हायरसबद्दलचा भाबडेपणाही याच काळात कमी झाला. अव्हास्ट आपल्या वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती एका उपकंपनीमार्फत विकत होती. ते उघड झाल्यावर 2020 च्या जानेवारीत ती उपकंपनी बंद झाली, आणि 2024 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अव्हास्टला एक कोटी पासष्ट लाख डॉलर भरायला लावले. अपडेटचा रस्ताही नेहमी निर्धोक नसतो. मुंबईच्या ई-स्कॅन या अँटिव्हायरसचे अपडेट एन्क्रिप्शनशिवाय जात होते आणि हॅकर मध्येच घुसून आपला मालवेअर त्यात मिसळत होते, हे 2024 मध्ये अव्हास्टच्याच संशोधकांनी मांडलं. कंपनीने त्याआधी ते दुरुस्त केलं होतं. म्हणून कोणी विचारलं तर मी एवढंच पाहायला सांगतो की कंपनी अपडेट कसं पाठवते आणि पैसे कुठून कमावते.

2020 च्या टाळेबंदीत कॉम्प्युटर पुन्हा घरात महत्त्वाचा झाला. शाळा, ऑफिस, सगळं एकाच लॅपटॉपवर. त्याच सुमारास चोर व्हायरस सोडून थेट माणसाशी बोलू लागले. 2022 मध्ये महावितरणच्या नावाने मेसेज यायचे, मागच्या महिन्याचं बिल अपडेट नाही, रात्री साडेनऊला वीज तोडू, या नंबरवर फोन करा. फोन केला की समोरचा दूरवरून स्क्रीन पाहता येणारं अॅप टाकायला सांगायचा. अशा अॅपबद्दल रिझर्व्ह बँकेने 2019 मध्येच सावध केलं होतं, महावितरणनेही असे मेसेज आपण पाठवत नाही असं वारंवार जाहीर केलं. इथे अँटिव्हायरस फारसं काही करू शकत नाही, कारण अॅप अस्सल असतं आणि माणूस ते स्वतःच्या हाताने टाकतो. पेन्शनची रक्कम अशी गेलेल्या वडीलधाऱ्यांना मी जवळून पाहिलंय. त्यांना दोष देणं मला फार वाईट वाटतं. वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करावा, पैसे पुढे सरकण्याआधी बँकेकडे खबर पोहोचली तर ते अडवता येतात.

आता आमच्याकडचा नवा प्रश्न जुन्या मशीनचा आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार संपला. बदलापूर-अंबरनाथच्या घरांत 2015-16 चे चांगले चालणारे डेस्कटॉप बरेच आहेत, आणि त्यांतल्या अनेकांवर विंडोज 11 बसत नाही, कारण हवा तसा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय त्यांत नाही. घरगुती मशीनसाठी मायक्रोसॉफ्टने आणखी एक वर्ष सुरक्षा अपडेट देण्याची सोय ठेवली आहे, पण त्यासाठी नोंदणी करावी लागते. ती कशी करायची हे सांगणारं माणूस अनेक घरांना मिळालेलं नाही. सध्या मी शेजाऱ्यांकडे तेच करून देतो, आणि नोंदणी जमत नसेल तिथे लिनक्स टाकून देतो. आधी फोटोंची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतो.