रेकॉर्ड प्लेअर : सुई आधी, ॲडॉप्टर नंतर

नोएडा, गुरुग्रामच्या फ्लॅटमध्ये टीव्हीशेजारी आता रेकॉर्ड प्लेअर दिसू लागला आहे. कुणी तो ऑनलाइन मागवलेला असतो, कुणाच्या मामांनी न्यू जर्सीहून आणून दिलेला असतो. मग सुट्टीत गावी गेल्यावर माळ्यावरची पेटी उघडली जाते. आजोबांच्या नाट्यपदांच्या जड तबकड्या, गीतरामायणाच्या एलपी, लग्नात मिळालेली भावगीतं असं सगळं दिल्लीला येतं. आठ दिवस मजेत जातात आणि मग प्रश्न सुरू होतात. आवाज खरखरतो का? मागे घूंऽऽ असं काय वाजतंय? दुकानदार सांगतो, कार्ट्रिज बदला. इंटरनेट सांगतं, पॉवर सप्लाय बदला. दोन्हींत पैसे जातात.

पैसे कुठे घालायचे हे ठरवताना एक गोष्ट लक्षात ठेवा. प्लेअर पुन्हा विकत मिळेल, पण आजोबांची तबकडी मिळणार नाही, आणि त्या तबकडीला प्रत्यक्ष स्पर्श करते ती फक्त सुई. म्हणून आधी तिच्याकडे बघा.

सुई किती झिजली?

कार्ट्रिज म्हणजे टोनआर्मच्या टोकाला बसवलेली छोटी डबी. तिच्या पोटाखाली हिऱ्याची सुई असते. तबकडीच्या खाचेतून जाताना सुई थरथरते आणि डबीतलं चुंबक व तारेची वेटोळी त्या थरथरीची वीज करतात. ही वीज जेमतेम ४-५ मिलिव्होल्ट असते. हिरा असला तरी तो झिजतो, आणि झिजलेल्या हिऱ्याला धार येते. ती धार खाचेच्या भिंती खरवडत जाते आणि ते नुकसान कोणत्याही उपायाने भरून येत नाही.

ऑडिओ-टेक्निका ही जपानी कंपनी तिच्या सुयांचं आयुष्य साधारण असं सांगते : गोल टोकाची सुई ५०० तास, लंबगोल टोकाची ३०० तास, मायक्रोलिनिअर १,००० तास. रोज रात्री एक एलपी, म्हणजे साधारण ४० मिनिटं ऐकत असाल, तर लंबगोल सुई सव्वा वर्षात संपते. जुना प्लेअर घेतला असेल तर आधीच्या मालकाने ती किती चालवली हे कळायला मार्ग नाही. नवी सुई लावल्याशिवाय त्यावर घरची रेकॉर्ड ठेवूच नका.

पहिल्यांदा कार्ट्रिज घेणाऱ्यांना मी ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ मालिका सुचवेन. तिची डबी एकच असते आणि सुया निरनिराळ्या. आज लंबगोल सुई घ्या, वर्षाने ती काढून त्याच डबीत मायक्रोलिनिअर बसवा. स्क्रू सोडवून पुन्हा सगळी जुळवाजुळव करावी लागत नाही. डेन्मार्कच्या ऑर्टोफोनच्या २एम रेडमध्येही ही सोय आहे, तिच्या डबीत वरच्या दर्जाची ब्लू सुई बसते. मूव्हिंग कॉइल नावाच्या महागड्या प्रकाराच्या वाटेला इतक्यात जाऊ नका. त्यातून येणारी वीज साधारण दहापट कमी असते, ती वाढवायला वेगळा प्रीॲम्प लागतो आणि बऱ्याच कार्ट्रिजमध्ये झिजलेली सुई घरी बदलताही येत नाही.

अगदी स्वस्त प्लेअरमध्ये कार्ट्रिज हाताचाच भाग असतं. तिथे अपग्रेडचा विचार सोडा, फक्त सुई वेळेवर बदला.

आजोबांच्या तबकड्यांची सुई वेगळी

मराठी घरांत हा घोळ हमखास होतो. एलपी अमेरिकेत १९४८ साली आली, पण आपल्याकडे ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या १९६० च्या दशकातही निघत होत्या. त्यामुळे एकाच पेटीत दोन्ही प्रकार असतात. ७८ ची खाच एलपीच्या खाचेपेक्षा कितीतरी रुंद असते. एलपीच्या साध्या सुईच्या टोकाची गोलाई सुमारे १८ मायक्रॉन, तर ७८ ला लागणारी सुमारे ७५ मायक्रॉन. एलपीची सुई ७८ वर ठेवली तर ती खाचेच्या तळाशी, पन्नास-साठ वर्षांच्या धुळीत घसटत जाते आणि गाण्यापेक्षा खरखर जास्त ऐकू येते. उलट केलं, म्हणजे ७८ ची सुई एलपीवर ठेवली, तर एलपी खराब होते.

व्हीएम९५ मध्ये ७८ साठी एसपी नावाची सुई आहे. मात्र एलपीसाठी हातावर २ ग्रॅम भार पुरतो आणि या सुईला ५ ग्रॅम लागतो. बऱ्याच प्लेअरच्या चकतीवर तेवढे आकडेच नसतात, म्हणून सुईचा भार मोजायचा छोटा डिजिटल काटा घ्या. तो घरात हवाच. भार कमी ठेवला की रेकॉर्ड जपली जाते हा समज चुकीचा आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंतींना जास्त इजा करते. कंपनीने सांगितलेला आकडा बरोबर असतो. आणि हो, नवा प्लेअर घेताना तो ७८ वर फिरतो का ते आधी विचारा. बरेच नवे प्लेअर फक्त ३३ आणि ४५ वर चालतात.

आता विजेकडे वळू

मामांनी अमेरिकेहून आणलेल्या प्लेअरचं काय? तो इथे लावला की गाणं रेंगाळतं. लोक म्हणतात, व्होल्टेजचा प्रॉब्लेम, आणि लाजपतराय मार्केटमधून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणतात. ट्रान्सफॉर्मर २३० चे ११० व्होल्ट करतो, मोटर जळण्यापासून वाचते, पण गाणं रेंगाळतंच. कारण तिथली वीज ६० हर्ट्झची आणि आपली ५० ची. काही प्लेअरमधली एसी सिंक्रोनस मोटर या हर्ट्झच्या तालावरच फिरते. ६० साठी बनवलेली मोटर ५० वर आली की ३३ ऐवजी जेमतेम २८ फेऱ्या होतात. २० मिनिटांची बाजू २४ मिनिटं चालते आणि सूर तीन पट्ट्या खाली येतो. काळी पाचमध्ये गायलेलं पद पांढरी पाचच्या आसपास ऐकू येतं. पेटी वाजवणारी आजी घरात असेल तर ती पहिल्याच ओळीला तुम्हाला थांबवेल!

इथे मात्र पॉवर सप्लाय बदलण्यात खरा अर्थ आहे. मोटरची पुली ५० हर्ट्झची मिळत असेल तर ती बसवा, किंवा स्वतःची फ्रिक्वेन्सी तयार करणारा सप्लाय घ्या. स्कॉटलंडच्या लिन कंपनीने एलपी१२ या टर्नटेबलसाठी १९८२ मध्ये वालहाला नावाचा असाच सर्किट बोर्ड आणला आणि १९९० मध्ये लिंगो. इंग्लंडच्या रेगाचा निओ सप्लायही याच जातीचा. त्यात बटण दाबून ३३ चे ४५ करता येतात, पट्टा हाताने सरकवावा लागत नाही. पण असे सप्लाय त्या त्या कंपनीच्या ठराविक मॉडेललाच चालतात, दुसऱ्याला जोडू नका.

डीसी मोटरच्या किंवा क्वार्ट्झवर चालणाऱ्या डायरेक्ट ड्राइव्ह प्लेअरला हर्ट्झची अडचण नसते. ओळखायचं कसं? ॲडॉप्टरवरचं बारीक लिखाण वाचा. इनपुटसमोर १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ आणि आउटपुटसमोर डीसी लिहिलं असेल तर निश्चिंत राहा. आउटपुटसमोर एसी असेल तर मोटर बहुधा घरच्या विजेच्या तालावर फिरते. अशा प्लेअरला डीसी ॲडॉप्टर चुकूनही लावू नका, व्होल्टचा आकडा जुळला तरीही.

इथेच घेतलेल्या ५० हर्ट्झच्या प्लेअरला वेगासाठी महागडा सप्लाय लागतो का? माझ्या मते नाही. आपल्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झमध्ये ठेवण्याचा नियम आहे. एवढ्याशा फरकाने सुरात पडणारा फरक कानाला कळत नाही. अडचण येते ती लाइट गेल्यावर. सोसायटीचा जनरेटर लिफ्टचा भार आला की डगमगतो आणि स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मोटर गुणगुणते. घरात इन्व्हर्टर घेणारच असाल तर प्युअर साइन वेव्हचा घ्या, त्याचा उपयोग पंख्यालाही होईल.

घूंऽऽ कुठून येतं?

खरेदीआधी पाच मिनिटांची तपासणी करा. सुई वर उचललेली, मोटर बंद आणि ॲम्पचा आवाज नेहमीइतका ठेवा. तरी घूंऽऽ येत असेल तर दोष अर्थिंगचा, वायरचा किंवा फोनो प्रीॲम्पचा आहे. प्लेअरमागची अर्थची बारीक तार ॲम्पच्या स्क्रूला घट्ट जोडा, प्रीॲम्पचा ॲडॉप्टर सिग्नलच्या वायरपासून लांब ठेवा. दिल्लीतल्या जुन्या भाड्याच्या घरांत प्लगचं तिसरं भोक कधीकधी शोभेचंच असतं, तेव्हा इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. एवढं करूनही आवाज राहिला तर प्रीॲम्पसाठी चांगला लिनिअर सप्लाय घेण्यात हरकत नाही. ४-५ मिलिव्होल्टचा सिग्नल तिथेच शेकडो पटींनी वाढतो, त्यासोबत ॲडॉप्टरची कुरकुरही वाढते. मोटर सुरू केल्यावर, सुई वरच असताना, हात मधोमध नेला की आवाज वाढत असेल तर मोटर किंवा तिचा ट्रान्सफॉर्मर कार्ट्रिजला छळतोय. आणि सुई टेकल्यावरच घरघर येत असेल तर पट्टा आणि बेअरिंग बघा, विजेवर खर्च करू नका.

वेग तपासायला मोबाइल पुरतो. फेऱ्या मोजणारं मोफत ॲप घ्या, टोनआर्म स्टँडवर अडकवा आणि फोन चकतीच्या बरोब्बर मध्यावर ठेवून ती फिरवा. कागदी स्ट्रोब चकती वापरणार असाल तर ३३ साठी १८० रेघांची घ्या. २१६ रेघांची ६० हर्ट्झसाठी असते, ती इथे चुकीचा वेग दाखवते.

जामा मशिदीजवळच्या मीना बाजारातलं शाह म्युझिक सेंटर किंवा चांदनी चौकातलं न्यू ग्रामोफोन हाउस इथे जुन्या रेकॉर्ड्स शोधायला जाल, तेव्हा घरची एखादी कमी प्रिय तबकडी पिशवीत ठेवा. जुना प्लेअर पसंत पडलाच तर त्यावर तीच वाजवून बघा.