वैशाखातील ऊन आणि जुनी मोटार

जुनी व जोरदार मोटार हौसेने बाळगणाऱ्याला यवतमाळचा उन्हाळा कसोटीचा जातो. हिवाळ्यात निमूटपणे धावणारी गाडी मे महिन्यात उकळू लागते. दोष एकट्या गाडीचा नसतो. त्यामागील कारण आम्ही येथे थोडक्यात मांडतो.

पेट्रोल जळून निघालेल्या उष्णतेपैकी ठोकळमानाने चौथा हिस्साच कामी येतो. बाकीची बरीचशी धुराबरोबर जाते आणि जवळजवळ तेवढीच इंजिनाच्या भिंतींत शिरते. ती पाण्याने उचलावयाची व रेडिएटरने हवेत टाकावयाची. जुन्या अँबॅसडरचे १४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन सुमारे ५० अश्वशक्तीचे. १९४८ मध्ये इंग्लंडात पुढे आलेल्या जग्वार एक्सके १२० चे १६० अश्वशक्तीचे. पूर्ण जोरात धावताना उष्णताही त्याच मानाने वाढणार.

आता रेडिएटर म्हणजे माठ नव्हे. माठ पाझरतो, त्या पाण्याची वाफ होते, म्हणून माठातील पाणी हवेहूनही गार होते. रेडिएटर बंद असतो. पाणी व हवा यांच्या तपमानांतील फरकावर त्याचे काम चालते. पाणी ९० अंश आणि हवा २० अंश असली, तर फरक ७० अंशांचा. हवा ४५ अंशांवर गेली की फरक ४५ च उरतो. तोच रेडिएटर, तोच वारा. पण काम एकतृतीयांशाहून अधिक घटते!

शिवाय यवतमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंच. येथे पाणी १०० ऐवजी सुमारे ९८.५ अंशांवरच उकळते. रेडिएटरचे दाबाचे झाकण याकरिताच असते. दर चौरस इंचास ७ पौंड दाब धरणारे झाकण उत्कलनबिंदू ११० अंशांच्या आसपास नेते. झाकणाचे रबर झिजले की ही सवलत संपली.

मग उपाय कोणते? विहिरीच्या जड पाण्याचे क्षार आत थर धरतात व उष्णता अडवितात. म्हणून आतील नळ्या धुऊन घ्याव्यात आणि शुद्ध पाण्यात गंजरोधक द्रव मिसळून भरावे. पंख्याभोवतीचे कडे काढू नये. गाडी उभी असता हवा रेडिएटरमधूनच ओढली जाण्यास ते लागते. ठिणगी उशिरा पडत असेल तर इंजिन अधिक तापते, तेही तपासावे. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. परंतु काही इंजिनांत, जग्वारच्या या इंजिनातही, तो काढल्यास आडवाट उघडी राहते आणि गरम पाण्याचा काही भाग रेडिएटर टाळून परत इंजिनात जातो.

पेट्रोलची नळीतच वाफ होऊन गाडी थांबली, तर मात्र माठाची युक्ती चालते: पेट्रोलपंपावर ओले फडके गुंडाळावे.

काटा चढू लागताच गाडी सावलीत थांबवावी. तापलेले झाकण उघडू नये. उसळणारी वाफ हात-तोंड भाजते. तापल्या इंजिनात थंड पाणीही ओतू नये, तडा जाण्याचे भय असते. ॲल्युमिनियमचे हेड एकदा वाकले की जुन्या गाडीसाठी दुसरे मिळविणे कठीण. अर्ध्या तासाचा धीर त्याहून पुष्कळ स्वस्त पडतो.