बांधीतला शेजारी

वाघ पाहावयास कान्हाच्या अरण्यात दूरदूरची माणसे येतात; बेडूक पाहावयास कोणी येत नाही. आमच्या लालबर्रा परिसरात सोनेवानीचे जंगल आहे, तेथेही बोलबाला वाघाचाच. तथापि मृगाच्या सरींनंतर धानाच्या बांध्यांतून ज्याचा स्वर घुमतो, त्याचा आपल्या अन्नाशी अधिक निकटचा संबंध आहे.

या उपेक्षित जीवाच्या अभ्यासात महाराष्ट्राचा वाटा लहान नाही. १९६३ साली सोमण यांनी कोयनेच्या भेकाचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे २००९ मध्ये डॉ. बिजू, डॉ. वरद गिरी आदी संशोधकांनी सिंधुदुर्गातील आंबोलीच्या भेकाची नवी जात म्हणून नोंद केली. अंगावरील खुणांमुळे त्याच्या शास्त्रीय नावात 'टायगेरिना' म्हणजे 'वाघासारखा' हा शब्द आला! हा भेक जांभ्या खडकाच्या सड्यांवर राहतो आणि पावसाळ्याच्या आरंभी खडकातील उथळ खळग्यांत अंडी घालतो. पावसाने ओढ दिली की खळगा आटतो. सडा खणला गेला की त्याचा संसारच उठतो. आज तो अतिसंकटग्रस्त गणला जातो.

बेडूक केवळ फुप्फुसांनीच नव्हे, तर ओलसर त्वचेनेही श्वास घेतो. तीच त्वचा पाण्यातील विषही आत घेते. त्यामुळे पाणी बिघडल्याची झळ त्यास लवकर लागते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत सुमारे ८,००० उभयचर जातींपैकी ४१ टक्के जाती संकटात असल्याचे आढळले.

आपल्या देशाने याचा एक धडा पूर्वीच घेतला आहे. परदेशी मेजवान्यांसाठी एके काळी भारतातून बेडकांच्या तंगड्यांची प्रचंड निर्यात होत असे. शेतातले कीटक खाणाराच असा ताटात जाऊ लागला, तेव्हा हुमायून अब्दुलअली यांच्यासारख्या निसर्ग-अभ्यासकांनी आवाज उठविला आणि १९८७ मध्ये निर्यातीवर बंदी आली.

बंदीने व्यापार थांबला. बांधीतले विष मात्र आपल्याच हाती आहे. बालाघाटच्या चिन्नोर तांदळास २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले, याचा आम्हांस अभिमान वाटतो. तो धान पिकविणाऱ्यांनी फवारणीचा पंप बोडीत धुऊ नये, गरजेपेक्षा अधिक औषध मारू नये आणि बांधाकडेची एखादी डबकी पावसाळाभर तशीच राहू द्यावी. शिक्षकांनी व पालकांनी मुलांस बेडकावर दगड मारण्याऐवजी त्याचा आवाज ओळखावयास शिकवावे. एवढे प्रत्येक घरास साधण्याजोगे आहे.