एका गुंजेचा सव्वा किलो झटका

मिरकरवाड्याच्या किंवा हर्णैच्या बंदरात ज्यांची ऊठबस आहे, त्यांना बोटीचा पंखा वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. पंखा खडकाला घासला, एखादे पाते वाकले की सारी बोट थरथरू लागते, शाफ्टचे बुश झिजते आणि डिझेल जास्त लागते, हे प्रत्येक तांडेलाला ठाऊक असते. आज आम्ही ज्या पंख्याबद्दल लिहीत आहोत तो मात्र तळहातावर मावणारा आहे. अमेरिका आणि युरोपमध्ये रिमोटवर चालणाऱ्या छोट्या बोटींच्या शर्यती होतात, त्या बोटींचा हा पंखा. आपल्याकडे एन.सी.सी.च्या नौदल शाखेत जहाजांची मॉडेल्स करण्याची स्पर्धा असते, तेवढीच काय ती ओळख. परदेशात मात्र या शर्यतींचे नियम आणि संघटना आहेत. नाविगा ही जागतिक संघटना १९५९ सालापासून आहे. लोक हौसेपायी त्यावर भरपूर पैसा खर्च करतात.

आमचे लक्ष वेधले ते या धंद्यातील एका गोष्टीने. ऑक्च्युरा या अमेरिकन नावाचे पंखे शर्यतवाल्यांत प्रसिद्ध आहेत. त्यांच्यावरचा आकडा वाचायला शिकले की माल कळतो. एक्स ४४२ म्हणजे ४२ मिलिमीटर व्यासाचा आणि व्यासाच्या १.४ पट पिच असलेला पंखा. म्हणजे एका फेऱ्यात तो हिशेबाने सुमारे ५९ मिलिमीटर पुढे सरकतो. हे पंखे साच्यातून निघतात तसेच, खडबडीत आणि बोथट, विकले जातात. तोच पंखा कोणी हाताने घासून, धार लावून, तोल साधून दिला तर गिऱ्हाईक त्याचे वेगळे आणि चांगले पैसे मोजते. माल तोच, किंमत हाताची.

तोलाला एवढे महत्त्व का? मिनिटाला २५ हजार फेरे घेणारा पंखा घ्या. एका पात्यावर मध्यापासून १५ मिलिमीटर अंतरावर एक गुंज, म्हणजे सुमारे ०.१२ ग्रॅम, धातू जास्त आहे असे धरू. सोनाराच्या ताजव्याखेरीज हे वजन कोणाला कळायचेही नाही. पण त्या वेगात ही गुंज शाफ्टला सुमारे सव्वा किलोच्या जोराने बाहेर ओढते, तेही सेकंदाला चारशेहून अधिक वेळा दिशा बदलत. फेरे दुप्पट झाले की ओढ चौपट होते. मासेमारीच्या बोटीचा पंखा मिनिटाला ६०० फेरे घेत असेल, तर मध्यापासून २५ सेंटिमीटरवर तेवढीच ओढ निर्माण व्हायला जवळपास तोळाभर धातू जास्त असावा लागतो. म्हणून मोठ्या पंख्यात खपून जाणारी चूक छोट्यात खपत नाही. बुश झिजते, शाफ्ट तापतो, मोटारीची ताकद थरथरण्यात वाया जाते.

काम करण्याची रीत साधी आहे, पण क्रम चुकता कामा नये. आम्ही पहिल्यांदा एक पितळी पंखा हाती घेतला तेव्हा आधी तोल साधला आणि मग धार लावायला बसलो. धार लावताना दोन्ही पात्यांवरून सारखा धातू निघतो थोडाच! तोल पुन्हा गेला. तो परत आणण्याच्या नादात एक पाते कागदासारखे झाले आणि पंखा भंगारात गेला. म्हणून दोन्ही पात्यांचा आकार आणि पिच आधी मिळवून घ्यावी, कारण पिच वेगळी असेल तर वजन सारखे असूनही पंखा थरथरणारच. नंतर पाण्यात शिरणाऱ्या कडेला धार लावावी. तोल सर्वांत शेवटी.

त्यासाठी चुंबकावर तरंगणारी तयार उपकरणे मिळतात. पण दाढीच्या दोन नव्या पात्यांच्या धारा पाणसळीने सारख्या लावल्या, तरी काम भागते. पंख्याच्या भोकात घट्ट बसणारी सरळ पोलादी सळी घालून ती या धारांवर ठेवायची. पंखा आडवा धरून सोडला की जड पाते खाली जाते. मग सळीवरच पंखा अर्धा फिरवून पुन्हा पाहायचे. जडपणा पात्याबरोबर न फिरता सळीबरोबर राहिला, तर दोष सळीचा. ही खात्री न करता कानस उचलणारे पुष्कळ आहेत. आडवा तोल जमला की पाती उभी करून पाहावे. आता पंखा एका बाजूला लवंडला तर मधला गड्डा त्या बाजूला जड आहे, तिथेच तो घासावा.

जड पात्याचा धातू काढायचा तो बोटीकडे तोंड असलेल्या फुगीर बाजूने, सगळीकडे सारखा. पाण्याला मागे ढकलणाऱ्या खोलगट बाजूला हात लावायचा नाही, पिच तिथेच असते. टोक कापून वजन कमी करणे म्हणजे आळस. व्यास बिघडतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. शर्यतीचे अनेक चांगले पंखे बेरिलियम कॉपरचे असतात. तांब्यात सुमारे दोन टक्के बेरिलियम घातले आणि योग्य भट्टीकाम केले की धातू पोलादासारखा टणक होतो. घन तुकडा हातात घ्यायला धोका नाही. पण त्याची कोरडी धूळ फुप्फुसात गेली तर काही माणसांना असा आजार जडतो की तो बरा होत नाही, आणि लक्षणे दिसायला कित्येक वर्षे लागू शकतात. अमेरिकन सरकारने २०१७ साली कारखान्यातील हवेत बेरिलियमची मर्यादा घनमीटरला २ मायक्रोग्रॅमवरून ०.२ वर आणली, यावरून काय ते समजावे. बफच्या चाकावर तोंडाला रुमाल बांधून बसणारे आमचे कारागीर बंधू आम्ही पाहिले आहेत. या धुळीपुढे रुमाल काहीच नाही. हा धातू कोरडा घासायचाच नाही. पॉलिश पेपर आणि पंखा दोन्ही पाण्याखाली धरून काम करावे, गाळ ओल्या फडक्याने पुसावा, झाडू मारू नये, आणि कामाचे कपडे घरी मुलाबाळांत नेऊ नयेत. मशीनवर काम करायचे असेल तर धूळ जागीच ओढणारी यंत्रणा आणि योग्य प्रतीचा मास्क हवाच. एवढा खर्च झेपत नसेल तर बेरिलियमचे काम नाकारावे आणि पितळ, अॅल्युमिनियम किंवा स्टीलच्या पंख्यांवर हात बसवावा. तोल साधण्याची रीत सगळ्यांची एकच आहे.

ज्यांना नमुना करून पाहायचा आहे त्यांनी आधी एखादा जुना पितळी पंखा घ्यावा. सळीवर तो कुठल्याही कोनात सोडला तरी जिथल्या तिथे थांबला पाहिजे. एकदा थांबून चालत नाही. आम्ही दहा वेळा सोडून पाहतो.