आधी त्याला बोलू द्या

आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेला माणूस डॉक्टरांच्या खोलीत जातो, तेव्हा बाहेर थांबलेल्या नातेवाइकांची अपेक्षा ठरलेली असते: डॉक्टर त्याला चांगलं समजावतील आणि ‘पुन्हा असं करणार नाही’ असं वदवून घेतील. ती मायेपोटी असते, हे मान्य. पण तिच्यामागच्या गैरसमजांमुळे खोलीतल्या दोघांचं बोलणंच खुंटतं.

गैरसमज: थेट विचारलं तर नसलेला विचार डोक्यात येईल.

तसं होत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या दोन हजारांहून अधिक शाळकरी मुलांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. आत्महत्येबद्दल विचारलेल्या मुलांमध्ये, न विचारलेल्यांच्या तुलनेत असे विचार वाढले नव्हते. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं शांतपणे विचारलं, की अनेकांना उलट हायसं वाटतं.

गैरसमज: डॉक्टरांनी प्रश्न विचारायचे, रुग्णाने उत्तरं द्यायची.

झोप लागते का, भूक लागते का, असे प्रश्न विचारावेच लागतात. नैराश्य असेल तर औषधंही लागतात. पण तेवढ्याने तो माणूस त्या क्षणापर्यंत कसा पोहोचला, हे कळत नाही. स्वित्झर्लंडमधल्या एशी या गावी २००० साली काही तज्ज्ञ याच अस्वस्थतेतून जमले. त्यांत बर्नचे मानसोपचारतज्ज्ञ कॉनराड मिशेल होते. या गटाचं म्हणणं असं, की आत्महत्येच्या प्रयत्नामागे त्या माणसाची एक गोष्ट असते आणि तिचा खरा जाणकार तोच असतो.

बर्नमध्ये यातून तीन भेटींची पद्धत तयार झाली. पहिल्या भेटीत रुग्ण आपली हकीकत सांगतो आणि तिचं चित्रीकरण होतं. दुसऱ्या भेटीत दोघं शेजारी बसून ते पाहतात. समोरासमोर नाही, शेजारी. मला यात फार मोठा आदर दिसतो. तिसऱ्या भेटीत धोक्याच्या खुणा आणि तेव्हा काय करायचं, हे दोघं मिळून लिहून काढतात. पुढची दोन वर्षं थेरपिस्ट अधूनमधून पत्र पाठवत राहतो.

या पद्धतीच्या १२० रुग्णांच्या अभ्यासात नेहमीचे उपचार सर्वांनाच मिळत होते. दोन वर्षांत या पद्धतीच्या गटात पुन्हा ५ प्रयत्न झाले, दुसऱ्या गटात ४१. हेलसिंकीत मात्र ही पद्धत तिथल्या संकटकालीन समुपदेशनापेक्षा सरस ठरली नाही. तीनच भेटींत सगळं साधतं असा दावा म्हणूनच करता येत नाही.

गैरसमज: शपथ घातली की धोका टळला.

‘आत्महत्या करणार नाही’ असा लेखी करार करून घ्यायची रीत अमेरिकेत बरीच वर्षं होती. त्याने जीव वाचतात याचा भरवसा देणारा पुरावा मिळाला नाही. विचार परत आला तर शब्द मोडल्याच्या लाजेने माणूस तो लपवतो, आणि ज्याला सांगायचं त्याच्यापासूनच दुरावतो. त्यापेक्षा कोणाला फोन करायचा आणि घरातली धोक्याची वस्तू कोणाच्या ताब्यात द्यायची, हे दोघांनी मिळून ठरवलेलं बरं.

गैरसमज: डिस्चार्ज मिळाला, आता सुटलो.

घरी परतल्यानंतरचे पहिले आठवडे फार नाजूक असतात. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नई, कोलंबोसह पाच ठिकाणच्या १,८६७ रुग्णांचा अभ्यास केला. एका गटाशी साधारण तासभर बोलून पुढे १८ महिन्यांत नऊ वेळा फोनने किंवा भेटून विचारपूस केली. त्या गटात आत्महत्येने मृत्यू झालेले ०.२ टक्के होते, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत २.२ टक्के. विचारपूस करणारा माणूस प्रत्येक वेळी मोठा डॉक्टरच असायला हवा, असं मुळीच नाही.

गैरसमज: खरं सांगितलं तर गुन्हा दाखल होईल.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा असा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरतो. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ राहिलेलं नाही. रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे. जिवाला धोका असेल तर घरच्यांना सांगावं लागू शकतं. ते कधी आणि किती, हे थेरपिस्टने पहिल्याच भेटीत स्पष्ट करावं, आणि त्याने केलं नाही तर आपण विचारावं.

मनात असे विचार येत असतील, किंवा घरातल्या कोणाची काळजी वाटत असेल, तर ‘टेलि-मानस’ या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. तिथे रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येतं.