खेळ आपला, किल्ली कोणाची?

गेल्या पोळ्याला गोंदियाहून मामा-मामी बालाघाटला आमच्याकडे आले, सोबत दहा वर्षांचा मामेभाऊ. पुण्यात नोकरी करणाऱ्या दादाने विकत घेतलेला गाड्यांच्या शर्यतीचा गेम त्याला खेळायचा होता. महिनाभर फोनवर तेच विचारत होता. नेमका त्या दिवशी पाऊस आणि वायफाय बंद. गेम सुरू केला, तर आधी दुकानाचा लाँचर उघडला, मग गेमच्या कंपनीचा दुसरा. तो लॉगिन मागू लागला. मोबाइलचे हॉटस्पॉट लावले, तर कोड गेला दादाच्या ईमेलवर आणि दादा मीटिंगमध्ये! कोड मिळाला तेव्हा पाहुणे स्टेशनवर निघाले होते. भाऊ काही बोलला नाही, नुसती चप्पल घालत राहिला.

गेम आमच्याच कॉम्प्युटरवर, मग परवानगी कोणाची? वाल्व्ह कंपनीने २००३ मध्ये ‘स्टीम’ आणले. २००४ चा ‘हाफ-लाइफ २’ डिस्कवर घेतला तरी स्टीमशिवाय चालत नसे. पुढे इतर कंपन्यांनीही आपापले लाँचर काढले. ते अपडेट आणतात, खरेदी तपासतात, सोय आहेच. पण आपण बहुतेक वेळा गेम नव्हे, खेळण्याचा परवाना घेतो. युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ ला ‘द क्रू’चे सर्व्हर बंद केले, तेव्हा पैसे मोजलेल्यांनाही तो खेळता येईना.

मित्रांनो, आता आमच्या घरी चार नियम आहेत. घेण्यापूर्वी गेमच्या पानावर ‘वेगळे खाते लागेल’ अशी सूचना आहे का, ते पाहायचे. खाते घरात उघडता येईल अशाच ईमेलवर काढायचे. नवा गेम नेट असताना एकदा चालवायचा, मग लाँचर ऑफलाइन मोडवर टाकून, वायफाय बंद करून पुन्हा उघडून बघायचा. आणि जमेल तिथे ‘जीओजी’सारख्या दुकानातून घ्यायचा, तिथली इन्स्टॉलर फाइल हार्ड डिस्कवर जपून ठेवता येते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (२०२०) तिथे मिळतो.

यंदाही भाऊ येतोय. रविवारी मी वायफाय बंद करून तिन्ही गेम तपासले. दोन उघडले, एक अडला, नेमका शर्यतीचाच. आज रात्री दादाला फोन करून त्याचे लॉगिन आधीच करून ठेवणार आहे.