दुकान पुन्हा लावताना

कोरडी वही रॅकमधून एका बोटाने निघते. बुडालेली वही निघत नाही. कागद पाणी पितो, फुगतो, शेजारच्या वहीला रेटतो आणि अख्खी रांग पाचर ठोकल्यासारखी फळ्यांमध्ये अडकून बसते. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्यांचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. त्यानंतर चार दिवसांनी मी मामेभावाच्या दुकानात पोहोचले, तेव्हा तो पहारीने वह्या उचकटत होता. करोनामुळे त्या जूनमध्ये शाळा उघडल्याच नव्हत्या. एरवी जुलै उजाडेपर्यंत निम्मा खपून गेलेला मोसमाचा माल या वर्षी तसाच भरलेला होता. तो सगळा गेला. गावातल्या 1864 सालच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचीही पुस्तकं गेली. 2005 च्या पुरानंतर त्या बाजारपेठेवर आलेला हा दुसरा मोठा घाला.

पुढे सरकारने पंचनामे करून दुकानदारांना जास्तीत जास्त 50 हजार रुपयांची मदत जाहीर केली. ती गरजेची होती, पण तेवढ्याने दुकान लागत नाही. त्या वर्षभरात मी तिथे वरचेवर गेले. भेटायला येणारी माणसं धीर द्यायला चार शब्द बोलत. त्यातले बरेच शब्द चुकीचे होते आणि काहींनी प्रत्यक्ष नुकसान केलं, म्हणून हे लिहिते आहे.

“खचतो तो मुळातच कच्चा”

वीस कलमांचं बिल तोंडी करणारा माझा भाऊ त्या ऑगस्टमध्ये तीन आकड्यांची बेरीज चुकत होता. सुट्टे पैसे जास्त देत होता. होलसेलवाल्याला फोन करायचा म्हणून मोबाइल हातात घ्यायचा आणि कशाला घेतला तेच विसरायचा. “ताई, माझं डोकंच गेलं गं,” असं तो एकदा म्हणाला. बाजारातल्या एका वडीलधाऱ्या माणसाने त्याला ऐकवलं, “धंदा करायला काळीज लागतं.”

काळजाचा इथे संबंध नाही. तमिळनाडूतल्या 54 गावांतल्या 464 ऊस उत्पादकांवर झालेला एक अभ्यास 2013 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. उसाचे पैसे वर्षातून एकदा हातात येतात. त्यामुळे तोडणीआधी शेतकरी ओढगस्तीत असतो, दागिने गहाण पडलेले असतात, आणि तोडणीनंतर तोच माणूस मोकळा होतो. संशोधकांनी त्याच शेतकऱ्यांना दोन्ही वेळी बुद्धीच्या चाचण्या दिल्या. तोडणीआधी ते हळू पडले आणि जास्त चुकले, तोडणीनंतर सुधारले. माणूस तोच, डोकं तेच, फक्त पैशांची ओढाताण कमी झालेली. हप्ता, भाडं, देणी यांचं गणित मनात सतत चालू असलं की समोरच्या कामाला तेवढं लक्ष उरत नाही. दुकान पुन्हा उभं करणाऱ्या माणसाला ही गोष्ट आधी कळायला हवी, कारण चुकांची लाज वाटून तो एकलकोंडा होतो आणि एकटेपणात आणखी चुका होतात.

मग करायचं काय? मनातलं गणित कागदावर उतरवायचं. आम्ही एका रविवारी ओट्यावर बसलो आणि दुरेघी कागदावर डाव्या बाजूला येणं, उजव्या बाजूला देणं असं नावनिशीवार लिहून काढलं. त्याच्या मनात देण्याचा आकडा “पंधरा-वीस लाख” होता. कागदावर तो साडेनऊ लाखांच्या आत बसला. साडेनऊ लाखही त्याच्यासाठी डोंगरच होते, पण त्याला कडा होत्या, तारखा होत्या. त्या दिवसानंतर मोठी खरेदी किंवा कर्जाचा निर्णय दुकान बंद केल्यावर रात्री घ्यायचा नाही, एवढा एकच नियम त्याने केला. सकाळी आधी कागद बघायचा, मग फोन.

झोपेबद्दलही एक सांगायला हवं. “दोन घोट घेतले की झोप लागते” असं म्हणणारे त्या काळात पुष्कळ भेटले. दारूने डोळा लवकर लागतो हे खरं, पण उत्तररात्रीची झोप तुटते, माणूस पहाटे तीनला टक्क जागा होतो आणि तीच वेळ काळजीची असते. दारूने झोप साधत नाही, बिघडते.

“एकदा फसलो, आता कुणावरच विश्वास नाही”

पुराच्या दीड वर्ष आधी एका ओळखीच्या माणसाने शाळांच्या ऑर्डरी मिळवून देतो म्हणून भावाकडून सव्वा लाखाचा माल उचलला होता. पैसे आले नाहीत, मग फोनही बंद झाला. त्यावर टाळेबंदी, त्यावर पूर. साहजिकच नवं दुकान लावताना तो सगळ्यांकडेच संशयाने बघायला लागला. बारा वर्षं काम करणाऱ्या पोऱ्यावर नजर, जुन्या एजंटला हिडीसफिडीस, शेजाऱ्याने शटर उचलायला हात लावला तरी “याला काय हवंय?” असा चेहरा.

फसलेल्या माणसाला संशय येणारच, त्यात दोष नाही. चूक आहे ती विश्वास हा दिव्याच्या बटणासारखा मानण्यात, एकतर चालू नाहीतर बंद. खरं तर प्रत्येक दुकानदाराला यापेक्षा शहाणी रीत रोजच्या व्यवहारातून माहीत असते. अमुक गिऱ्हाइकाला पाचशेपर्यंत उधार, तमुकाला पाच हजार, आणि तिसऱ्याला रोखीशिवाय पेन्सिलसुद्धा नाही. विश्वास रकमेत आणि दिवसांत मोजता येतो. ज्या पोऱ्याला गल्ला सोपवायचा नाही त्याला गोदामाची किल्ली देता येते. ज्या होलसेलवाल्याला लाखाचा अॅडव्हान्स द्यायचा नाही त्याच्याकडून दहा हजारांचा माल रोखीने घेऊन बघता येतो.

याला अभ्यासाचाही आधार आहे. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी 1980 च्या सुमारास संगणकावर एक स्पर्धा घेतली. दोन खेळाडू पुन्हा पुन्हा समोरासमोर येतात आणि दर खेपेला सहकार्य करायचं की दगा द्यायचा हे ठरवतात. तज्ज्ञांनी पाठवलेल्या एकाहून एक चलाख डावपेचांना हरवून अॅनाटोल रॅपोपोर्ट यांचा सगळ्यात साधा डाव दोनदा जिंकला. पहिल्या भेटीत सहकार्य, मग समोरचा वागेल तसं, आणि तो सुधारला तर आपणही मागचं सोडून द्यायचं. आपल्याकडच्या ‘जशास तसे’ला बहुतेक जण सूडाचा अर्थ चिकटवतात, पण या डावाची सुरुवात चांगुलपणाने होते हे विसरू नये.

यात एक अट मात्र आहे. गाठ पुन्हा पडणार असली तरच हा हिशेब जुळतो. बाजारपेठेतला शेजारी उद्याही भेटणार आहे, रोजचा एजंट पुढच्या मंगळवारी येणार आहे. पुरानंतर गावोगाव फिरणारा, “मुद्रा कर्ज पास करून देतो, फक्त फाइलचे पाच हजार द्या” म्हणणारा माणूस पुन्हा दिसणार नाही. मुद्रा योजनेने मध्यस्थ नेमलेलेच नाहीत. अर्ज थेट बँकेत जातो आणि तारण लागत नाही. अशा माणसाच्या बाबतीत संशय घेणं हेच शहाणपण. माझा भाऊ शेजाऱ्यावर संशय घेत होता आणि या फाइलवाल्याला चहा पाजत होता. ताणाखाली अविश्वासाचा नेम असाच चुकतो.

“लिहून मागितलं तर संबंध बिघडतात”

कोकणात आणि खरं तर सगळ्या महाराष्ट्रात हा समज फार घट्ट आहे. “आपल्यात कसली लिखापढी?” हे वाक्य ज्याने सव्वा लाख बुडवले त्याचंच होतं. माझा अनुभव उलटा आहे. संबंध कागदामुळे बिघडत नाहीत, दोन माणसांना दोन वेगळे आकडे आठवतात तेव्हा बिघडतात. आणि पूर किंवा आजारपणानंतर आठवण कुणाचीच धड राहत नाही. भावाची उधारीची वही पाण्यात गेली होती. जी पानं वाळली त्यांवरची शाई पसरली होती.

कायद्याचं म्हणणंही ऐकून ठेवावं. उधार मालाच्या वसुलीचा दावा 1963 च्या मुदत कायद्यानुसार साधारणपणे तीन वर्षांच्या आत करावा लागतो. मात्र ही मुदत संपण्याआधी समोरच्याने देणं लेखी, सहीनिशी मान्य केलं तर तिथून मुदत नव्याने मोजली जाते. म्हणजे दर पाडव्याला खातं जुळवून खाली दोघांनी सही करणं हा उपचार नाही, तो दुकानदाराचा कायदेशीर आधार आहे. चेक वटला नाही तर बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस जावी लागते. “देतो, देतो” ऐकत ते दिवस निघून जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

45 दिवसांच्या नियमाबद्दलही घोटाळा आहे. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, आणि करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. भावाच्या शेजारी एक छपाई करणारा आहे. माल बनवणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या अशा माणसाने उद्यम नोंदणी करून ठेवली असेल तर हे संरक्षण त्याला मिळतं आणि ती नोंदणी फुकट आहे. पण वह्या नुसत्या विकणाऱ्या माझ्या भावाला ते मिळत नाही. किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना जुलै 2021 पासून उद्यम नोंदणी करता येते, पण तिचा लाभ बँकेच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरता आहे. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना दोन वेगळे नियम लागू होतात, हे नोंदणी करून देणारेही बऱ्याचदा सांगत नाहीत.

“हप्ता थकला की सिबिलच्या काळ्या यादीत नाव”

अशी काळी यादी नाही. सिबिल ही देशातल्या चार पतमाहिती कंपन्यांपैकी एक. ती 300 ते 900 मध्ये गुण देते आणि कोणत्या महिन्यात हप्ता किती दिवस उशिरा आला याची नोंद ठेवते. कर्ज द्यायचं की नाही हे बँक ठरवते. पुढचे हप्ते वेळेवर गेले की गुण हळूहळू सुधारतात. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. तो मागवून वाचावा, कारण फेडलेलं कर्ज चालू दिसण्यासारख्या चुका त्यात असतात आणि त्या दुरुस्त करून घेता येतात.

जास्त नुकसान होतं ते या भीतीने बँकेचं तोंडच न बघितल्यामुळे. हप्ता थकल्यावर 90 दिवसांनी कर्ज अनुत्पादित ठरतं. त्याच्या आत शाखेत जाऊन लेखी अर्ज दिला, पंचनाम्याची प्रत जोडली, तर बोलणी करायला जागा असते. नैसर्गिक आपत्तीच्या भागातल्या कर्जांची फेररचना करण्याबाबत रिझर्व्ह बँकेच्या सूचनाच आहेत. बँकेला त्या आपण विचाराव्या लागतात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नये. आणि वसुलीवाल्याने सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन करणं नियमाला धरून नाही, हे घरच्यांनाही सांगून ठेवावं. निम्मी धास्ती त्या अवेळी वाजणाऱ्या फोनची असते.

“घरात सांगून त्यांना कशाला काळजीत टाकायचं?”

भावजयीला सगळं माहीत होतं. त्याने सांगितलं नव्हतं तरी. तो रात्री गॅलरीत उभा राहतो, जेवताना घास हातात धरून बसतो, हे तिला दिसत होतं. मुलीलाही दिसत होतं. आकडा माहीत नसला की घरातली माणसं मनातल्या मनात त्याहून मोठा आकडा धरतात. तो दुरेघी कागद त्याने शेवटी तिच्यासमोर ठेवला तेव्हा ती म्हणाली, “एवढंच होतं, तर दोन महिने बोलला का नाहीत?” पुढे उधारीच्या वसुलीचे फोन तिने हातात घेतले. त्याच्यापेक्षा तिला ते चांगले जमतात.

कधीकधी घरच्यांनाही पेलत नाही. झोप आठवडेच्या आठवडे नसेल, दुकानात जावंसंच वाटत नसेल, आपण नसलेलंच बरं असा विचार येत असेल, तर 14416 हा ‘टेलि-मानस’चा क्रमांक आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेली ही सेवा चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. पुराच्या वेळी ती नव्हती. असती तर त्या बाजारपेठेतल्या निदान दोघांना मी स्वतः फोन लावून दिला असता.

“गिऱ्हाईक आपोआप परत येतं”

अविश्वास दुकानदाराच्याच मनात असतो असं नाही, गिऱ्हाइकाच्याही असतो. पुरानंतर कितीतरी महिने लोक चिपळुणात कपडा घेताना, पुस्तक घेताना विचारत, “पुरातला माल नाही ना?” काही दुकानदारांना राग यायचा. भावालाही यायचा. मग त्याने भिजून वाळवलेल्या वह्या दुकानाबाहेर वेगळ्या टेबलावर मांडल्या, वर हाताने लिहिलेली पाटी, ‘भिजलेला माल, निम्म्या किमतीत’. आतल्या रॅकमध्ये फक्त नवा माल ठेवला आणि होलसेलच्या बिलाची प्रत काउंटरच्या काचेखाली सरकवली, तारीख दिसेल अशी. दुकानदाराने आपला खरेदीचा भाव गिऱ्हाइकाला दाखवायचा म्हणजे वेडेपणा, असं बाजारातले म्हणाले. त्याने भावाच्या रकान्यावर कागदाची पट्टी चिकटवली आणि तारीख उघडी ठेवली.

त्या हिवाळ्यात एक शिक्षिका आल्या. काचेखालची तारीख वाचली, रॅकमधली वही उचलली, मधोमध उघडली आणि नाकाशी धरली. पुराच्या कागदाला एक वास असतो, कितीही ऊन दिलं तरी तो जात नाही. त्यांनी वही मिटली आणि दोनशे पानीच्या चार डझन बांधायला सांगितल्या.